परमिट बाबांच्या नावावर

९ ऑगस्ट

डॉक्टर मॅडमनी सांगितलं आहे, बाबांना गोळी कधी दिली आणि हात कधी थांबला ते लिहून ठेवा. ते माझी बायको सविता कॅलेंडरवर लिहिते. पण कॅलेंडरच्या चौकोनात न मावणारं बरंच डोक्यात फिरतं आहे, म्हणून ही वही काढली.

आज ऑपरेशनला होकार दिला. बाबांच्या डोक्यात दोन बारीक तारा उतरवणार, कानामागून कातडीखालून मानेतून खाली आणणार आणि गळ्याच्या हाडाखाली बॅटरी बसवणार. ती सतत थोडा थोडा करंट सोडत राहील, म्हणजे हात थरथरायचा थांबेल. बाबा एकाहत्तरचे. मॅडम म्हणाल्या, वय जरा वरचं आहे, पण आठवण पक्की आहे आणि गोळीने अजून थोडा वेळ हात थांबतो, तेव्हा उपयोग होईल. कंपवात मुळातून जाणार नाही, हेही त्यांनी स्वच्छ सांगितलं.

मी पंचवीस वर्षं वीज कंपनीत लाईनवर आहे. शॉक लागलेली माणसं खांबावरून उतरवली आहेत. आणि आज बापाच्या मेंदूत करंट सोडा म्हणून मीच सही केली. मॅडमना तसं म्हणालो, तर त्या म्हणाल्या, टॉर्चचा बल्बसुद्धा लागणार नाही एवढाच करंट असतो. मी मान हलवली. पण करंट कमी म्हणून कुणी निर्धास्त राहावं असं मला कामात कधी शिकवलेलं नाही.

बाबांना विचारलं, तुमच्या मनात काय आहे? ते म्हणाले, "हात पायजे." सून चहाचा कप तोंडाला लावते, त्याचा त्यांना संकोच वाटत असावा.

१४ ऑगस्ट

गावाहून भिकाबा आले. सुरगाण्यापर्यंत जीप, पुढे एसटी, आणि पिशवीत नागलीचं पीठ. जिना चढताना दोनदा थांबले. छाती वाजत होती.

पुढे कधी माझ्या मुलींनी ही वही वाचली तर कळावं म्हणून लिहितो. तुमचे आजोबा आपल्या गावचे थाळकरी. काशाच्या थाळीत मधोमध मेणाने एक काडी उभी करतात आणि दोन्ही हातांच्या बोटांनी ती वरून खाली ओढत राहतात. थाळी घुमू लागते. त्या घुमण्यावर थाळकरी कथा सांगतो आणि जोडीदार ओळीचा शेवट झेलतो. आजोबांची ओळ भिकाबा झेलायचे. कुणी वारलं की त्याच्या दिवसाला ही कथा लागते, कारण कथा पुरी होईपर्यंत गेलेल्याला पुढची वाट दिसत नाही अशी आपल्याकडे समजूत आहे. समजूत म्हणतो, पण मी मानतो.

बाबांचा हात हलायला लागला तेव्हा पहिली दोन वर्षं गाव म्हणायचं, झिपरूच्या हातात देव खेळतो. लोक नारळ ठेवायचे. मग हात इतका हलायला लागला की काडीवर बोट टिकेना. तेव्हापासून थाळी बंद आहे.

भिकाबा बाबांच्या डोक्याकडे निरखून म्हणाले, "भोक पाडणार म्हंत्यात. आत काय निघंल रं? भुसा?"

"निघाला तर तुला देतो," बाबा म्हणाले. "तुझ्यात तेवढाबी नाय."

दोघं हसले. भिकाबांना हसता हसता खोकला आला, तो लवकर थांबेना. थांबल्यावर ते हळूच म्हणाले, "हात येऊ दे तुझा. माझी कथा तूच सांगायची. कळवणवाल्याला बोलवू नका, तो मोबाइलवर कथा लावून बसतो."

"सांगतो," बाबा म्हणाले.

"आन् तुझीच आधी लागली तर?"

"मंग माझी वाट राहिलीच. तुला झेलायच्या पलीकडं येतं काय?"

सविता आत पीठ मळत होती. म्हणाली, तुमच्या गावची माणसं मरणाबद्दल शेत पेरल्यासारखी बोलतात.

२० ऑगस्ट

ऑपरेशन झालं.

डोक्याला लोखंडी चौकट घट्ट बसवून नेलं. माणूस जागाच ठेवतात, हे आधी सांगितलं होतं. देवीचा अंगारा खिशात होता, तो आत नेऊ दिला नाही. मी बाकावर बसून पुडी मुठीत धरून राहिलो. आई माझ्या शेजारी. दार उघडलं की दोघंही उठायचो आणि दुसऱ्याच कुणाला हाक गेली की बसायचो.

शेवटी मॅडम आल्या. म्हणाल्या, बाबा धीराचे आहेत. तार बसवताना त्यांना बोलत ठेवायचं असतं, म्हणून महिन्यांची नावं विचारली, तर त्यांनी दुसरंच काहीतरी गायला सुरुवात केली. शब्द एकही कळला नाही, पण आवाज काय, सगळं थिएटर भरून गेलं. तार एकीकडे सरकली की हात थांबायचा, जरा पुढे गेली की जीभ जड व्हायची. मधली जागा शोधून तिथे ठेवली.

आईने विचारलं, "गायले?" मॅडम हो म्हणाल्या. तेव्हा आई पहिल्यांदा रडली.

२४ ऑगस्ट

टाके ठीक. डोकं भादरल्यामुळे बाबा लहान मुलासारखे दिसतात. आरशात बघून म्हणाले, गावात ओळख पटायची नाही. मशीन अजून सुरू केलेलं नाही. सूज उतरू देतात.

२२ सप्टेंबर, घटस्थापना

आज मशीन चालू केलं. मॅडमनी टॅब्लेटवर आकडा थोडा थोडा चढवला. बाबांचा उजवा हात मांडीवर फडफडत होता. लोड उतरला की मीटरचा काटा जसा सावकाश शून्यावर येऊन टेकतो, तसा तो हात थांबला. सहा वर्षांनी बापाचा हात गोळीशिवाय नुसता पडलेला पाहिला. मी खोलीबाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो.

घरी आल्यावर बाबांनी स्वतः चहा प्यायला. सविताने मुद्दाम कप काठोकाठ भरला होता. एक थेंब सांडला नाही. मुलींनी व्हिडिओ काढला.

आईने हाताकडे पाहिलंच नाही. ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती. म्हणाली, बोला ना काहीतरी. बाबा काहीतरी बोलले. मला ऐकू आलं नाही.

मोबाइलएवढा एक रिमोट दिला आहे. तो छातीशी धरून मशीन चालू-बंद करता येतं. मॅडमनी बजावलं की विचारल्याशिवाय बंद करायचं नाही. अचानक बंद झालं तर अंग आखडेल, गिळताना ठसका लागेल, पडतील.

२ ऑक्टोबर, दसरा

देवीच्या गडावर जाऊन आलो. पायऱ्यांवर गर्दी होती, तरी दर्शन मनासारखं झालं.

मनात खुपतं ते लिहितो. बाबांचा आवाज बसला आहे. तोंडाशी कान नेला तर कळतं, नाहीतर नुसती हवा. काल मॅडमकडे गेलो होतो. त्यांनी करंट कमी केला, तर आवाज वर आला आणि हात हलू लागला. वाढवला, तर हात थांबला आणि आवाज खाली गेला. निरनिराळे आकडे लावून पाहिले, पण दोन्ही एकदम येईनात. काहींचं असं होतं, म्हणाल्या, हळूहळू पाहू. सध्या काय ठेवू?

मी म्हणालो, हात राहू द्या.

परतताना ध्यानात आलं की बाबांना कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तरी त्या खोलीत ऐकू कुणाला आलं असतं?

देवीपुढे उभा राहिलो तेव्हा आठवलं, मी मागताना फक्त हात मागितला होता.

६ ऑक्टोबर

बाबा शांत झाले आहेत. पूर्वी दिवसभर काही ना काही बोलायचे, सविताच्या भाजीला नावं ठेवायचे. आता खिडकीशी बसून असतात. आराम पडला असावा.

९ ऑक्टोबर

संध्याकाळी घरी आलो तर बाबांचा हात हलत होता. रिमोट लावून पाहिला तर मशीन बंद. चालू केलं, हात थांबला. आईला विचारलं, कधीपासून? ती म्हणाली, आत्ताच झालं असेल. बाबा खिडकीबाहेर बघत होते.

हॉस्पिटलला फोन केला. म्हणाले, मोठं चुंबक जवळ आलं तर क्वचित होतं. पुन्हा झालं तर आणा.

१४ ऑक्टोबर

पुन्हा दोनदा ट्रिप झालं. लाईनवर फॉल्ट शोधायची आमची पद्धत अशी, की एक एक तुकडा सोडवत जायचं आणि बघायचं. हॉस्पिटलला नेण्याआधी तसंच करतो आहे. फ्रिजच्या दारावरचे चुंबकाची फुलपाखरं-बदकं काढून टाकली. मुलींचा स्पीकर शेजारी दिला. सविताची विजेची शेगडी माळ्यावर टाकली, त्यावरून ती सकाळपासून बोलत नाही. शेगडी वर टाकताना पाहिलं तर माळ्यावरची काशाची थाळी जागेवर नव्हती. आईने खाली काढली आहे. म्हातारीला स्टीलच्या ताटात घास गोड लागत नाही.

विचार करण्यासारखी गोष्ट म्हणजे फॉल्ट येतो तो नेमका दुपारी. तेव्हा मी ड्युटीवर असतो, सविता अंगणवाडीत आणि मुली कॉलेजला. दुपारी या भागाचं व्होल्टेज वरखाली होतं, ते मला ठाऊक आहे. पण बॅटरीला त्याच्याशी काय देणंघेणं?

खालच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात अडवलं. म्हणाल्या, दुपारी तुमच्याकडे कसली मोटार घुमते हो? मी वर येऊन फ्रिजचा कॉम्प्रेसर तपासला. ठणठणीत आहे.

१८ ऑक्टोबर

आज म्हसरूळकडे अपघात होता होता वाचला. आमचा एक माणूस खांबावर होता. दिवाळीच्या तोंडावर लाईन लवकर द्या म्हणून लोकांनी तगादा लावला, तर नव्या ऑपरेटरने वरच्या साहेबांच्या फोनवरून फिडर चालू करायला हात घातला. शेजारच्याने हात धरला म्हणून निभावलं.

जेवताना हे सांगितलं. आई म्हणाली, कुणी बंद केली, कुणी चालू केली, हे तुम्हाला कसं कळतं? मी परमिट समजावून सांगितलं. जो लाईनवर चढणार त्याच्या नावावर परमिट निघतं. त्याने मागितली की ऑपरेटर लाईन बंद करतो. काम झाल्यावर ऑपरेटर विचारतो, सगळी माणसं उतरली? तो उतरली म्हणाला, की मगच लाईन द्यायची.

बाबांनी माझ्या बाहीला धरून कान जवळ घेतला. "म्हंजे, ज्यानं घेतली त्यानंच द्यायची?"

"हो."

"तुझा सायेब म्हणला तरी नाय?"

"मंत्री म्हणाला तरी नाही."

मग ते पुन्हा भात कालवू लागले. त्यांना माझ्या कामात रस वाटला याचं बरं वाटलं.

आईच्या बोटांना आज मेणाचा वास येत होता. दिवाळीच्या मेणबत्त्या काढून ठेवत असेल.

२५ ऑक्टोबर



दुपारी आईचा फोन आला. मी खांबावर होतो. तिला बोलता येत नव्हतं, नुसतं "सोमा, सोमा". घरी पोचलो तर बाबा जमिनीवर कुशीवर, ओठ निळसर, अंगात ताठा, समोर पाण्याचा तांब्या उलटा. पाणी पिताना ठसका लागला होता. मशीन बंद होतं. चालू केलं, पाठीवर थापटत राहिलो. रिक्षाने दवाखान्यात नेलं. थोडं पाणी छातीत गेलं आहे, निभावेल म्हणाले.

मग मॅडमनी मशीन तपासलं. म्हणाल्या, मशीनमध्ये काहीच दोष नाही. हे आपोआप बंद झालेलंच नाही. प्रत्येक वेळी रिमोटनेच बंद केलेलं दिसतं.

म्हणजे चुकून बटण दाबलं जात होतं. बाबा रिमोट सदऱ्याच्या खिशात ठेवतात, कुशीवर झाले की दाबलं जात असणार. आणि मी फुलपाखरं-बदकं काढत बसलो. आईला तसं सांगितलं. तिने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, तसंच असंल.

आजपासून रिमोट माझ्याकडे.

३ नोव्हेंबर

रिमोट माझ्या हत्यारांच्या पिशवीत असतो. एकदाही ट्रिप नाही. फॉल्ट सापडला.

सविताची शेगडी परत खाली आणली. आईने थाळी घासून माळ्यावर ठेवून दिली. बाबा बरे आहेत. हाताने जेवतात, सदऱ्याची बटणं लावतात. बोलत मात्र नाहीत. काल मी विचारलं, काही पाहिजे का? त्यांनी माझ्या पिशवीकडे पाहिलं आणि मान फिरवली.

सविता म्हणाली, अहो, बाबा कुणावर तरी रागावले आहेत. मी म्हणालो, कुणावर रागावतील? सगळं तर मनासारखं झालं आहे.

९ नोव्हेंबर

भिकाबा गेले. पहाटे झुंबरचा फोन आला. झुंबर म्हणजे भिकाबांचा मुलगा. छातीने दगा दिला.

बाबांना सांगितलं. ते उठले, चप्पल घातली, आणि दाराशी जाऊन उभे राहिले. त्या दिशेला तोंड करून. मी हात धरून आणला तेव्हा त्यांच्या तळहाताला घाम होता, पण हात स्थिर. एवढ्या दुःखातही तो हलू शकत नाही, हे पाहून मला कसंतरीच झालं.

मातीला आम्ही दोघे जाऊन आलो, मी आणि आई. बाबांच्या छातीत अजून कफ आहे, मॅडमनी प्रवासाला नको म्हटलं. दिवस महिनाअखेरीला ठरला आहे. आमच्याकडे घरात नवा भात आल्यावर दिवस घालतात. झुंबरने मला बाजूला घेतलं. "झिपरूबाला सांगता येईल का रं? नायतर कळवणवाल्याला सांगावा धाडतो. लोकं विचारत्यात."

मी म्हणालो, आवाज नाही राहिला. त्याने मान खाली घातली. आई ऐकत होती. ती झुंबरला म्हणाली, "थांब. कुणाला सांगावा धाडू नको."

घरी आल्यावर बाबांनी माझ्यापुढे हात केला. रिमोट मागत होते. मी म्हणालो, बाबा, परत तसं झालं तर? त्यांनी हात तसाच धरून ठेवला. मी पिशवी उचलून आत नेली. बापाचा पुढे केलेला हात रिकामा ठेवून आत जाणं सोपं नव्हतं. पण मला ते निळे ओठ दिसत होते.

१३ नोव्हेंबर

आज दुपारीच सुटलो. जिन्यात घुमल्यासारखा आवाज आला. डीपीजवळ उभं राहिलं की तारांमधून येतो तसा, फक्त त्यात चढउतार होता. दार लोटलेलंच होतं.

चटईवर काशाची थाळी. मधोमध मेणात उभी काडी. आणि ती काडी आई ओढत होती. दोन्ही हातांची बोटं एकामागून एक वरून खाली, न थांबता, भाकरी थापावी इतक्या सहज. समोर बाबा. त्यांचे हात मांडीवर निपचित. तोंड उघडत होतं, मिटत होतं, मानेच्या शिरा ताणल्या होत्या. ते कथा सांगत होते. आणि आवाज येत नव्हता. थाळी घुमत होती, बाबा सांगत होते, आणि कथा खोलीत कुठेच नव्हती.

आईने मला पाहिलं. बोटं थांबली नाहीत.

मी पिशवीसकट खाली बसलो. विचारलं, कधीपासून?

आईनेच सगळं सांगितलं. हात आला आणि गळा गेला, तेव्हा बाबा दोन दिवस जेवले नाहीत. मग तीच म्हणाली, हात माझे घ्या. आयुष्यभर त्यांच्या शेजारी बसून ऐकलं होतं, बोटांना शिकायला वेळ लागला नाही. दुपारी घर रिकामं झालं की बाबाच मशीन बंद करायचे, आईला रिमोट चालवता येत नव्हता. थोड्या वेळाने गळा मोकळा व्हायचा. ते सांगायचे, ती ओढायची. हात हलायचे ते हलू द्यायचे. भिकाबांची छाती दोघांनी ऐकली होती, दिवस फार उरले नाहीत हे दोघांना माहीत होतं. "गावात बाईनं थाळीला हात लावलेला कुणी पाहू दिला नसता," ती म्हणाली. "इथं कोण बघतं? तुझ्या खालच्या बाईला मोटार वाटली."

मी म्हणालो, मला सांगायचं तरी.

"तू हात मागून घेतलास ना मॅडमकडून," ती म्हणाली. रागाने नाही. नुसतं सांगितलं.

बाबांनी खूण करून जवळ बोलावलं. मी कान त्यांच्या ओठांशी नेला. श्वास गरम होता.

"ही लाईन कुणाची, सोमा?"

मी पिशवीकडे पाहिलं.

"वर कोण चढलंय?"

"तुम्ही," मी म्हणालो.

"मंग परमिट माझ्या नावावर काढ."

१७ नोव्हेंबर

मॅडमकडे तिघे गेलो. या वेळी मी बोललो नाही. आईने सांगितलं आणि बाबांनी मान हलवली.

मॅडम आधी रागावल्या. छातीत पाणी जाऊन महिना झाला नाही आणि तुम्ही पुन्हा बंद करायचं म्हणता, वय काय, धोका काय. मग त्यांनी बाबांना विचारलं, कथा किती वेळ चालते? बाबांनी मावळतीकडे बोट दाखवलं. उन्हं कलल्यावर बसायचं, दिवस बुडता उठायचं. आमच्याकडे रात्रभरही चालते, पण तेवढं आता नाही, आई म्हणाली.

मॅडमनी आमच्यासमोर मशीन बंद करून बघितलं. हात उसळला. बाबा बोलले, आणि बाहेरच्या बाकावरच्या माणसांनी आत डोकावून पाहिलं.

शेवटी त्या म्हणाल्या, गोळ्या चुकवायच्या नाहीत, पूर्ण वेळ बसून राहायचं, त्या वेळात काही खायचं-प्यायचं नाही, आणि मुलाने रिमोट घेऊन हाताच्या अंतरावर बसायचं. मान पडली किंवा श्वास अडकला तर कुणाला न विचारता चालू करायचं. एवढं पाळलंत तर माझी हरकत नाही. मला म्हणाल्या, तुमची जबाबदारी.

मी हो म्हणालो. पण जबाबदारी म्हणजे चालू करायची की न करायची, हे विचारायचं राहिलं.

२८ नोव्हेंबर

उद्या गावी निघायचं. आज सकाळी गोदावरीवर जाऊन आलो. पंचवटीतल्या काठावर उभा राहून हात जोडले, आणि काय मागावं ते कळेना. गेल्या वेळी नेमकं मागून पाहिलं आहे. या वेळी नुसता उभा राहिलो.

३० नोव्हेंबर, गावी

आज भिकाबांचा दिवस.

अंगणात माणसं जमली. नव्या भाताची रास मांडली. बाबांना पाटावर भिंतीला टेकवून बसवलं, मी डाव्या हाताला. आईने थाळी पुढ्यात घेतली, मेण मऊ केलं, काडी रोवली. तेव्हा लोकांच्या ध्यानात आलं. कुजबुज झाली. एक म्हातारा उठून म्हणाला, हे आपल्याकडं नाय चालत, मेलेला कुठंतरी अडकून बसंल. झुंबर माझ्याकडे बघायला लागला. मी खाली बघितलं.

भिकाबांची थोरली बहीण अक्काबाई राशीजवळ बसली होती. ती म्हणाली, "कणसरी काय गडी हाय का?"

कणसरी म्हणजे आमची धान्याची आई. थाळी मांडायची ती तिच्याच नावाने. म्हातारा उभाच राहिला, मग बसला.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी रिमोट त्यांच्या छातीशी धरला. "परमिट झिपरूबाच्या नावावर," मी हळूच म्हणालो आणि बंद केलं.

थोड्या वेळाने उजवा हात हलायला लागला, मग डावा, मग हनुवटी. आईने काडीवर बोटं ठेवली. थाळी घुमली. आणि बाबांचा आवाज निघाला. पहिल्यांदा खरखरीत, मग मोकळा. लहानपणी या आवाजाने मी अंगणात झोपी जायचो. झुंबर बापाच्या जागेवर बसला होता. पहिली ओळ त्याला झेलता आली नाही. दुसरी झेलली.

माझं कथेकडे लक्ष नव्हतं. मी अंगठा बटणावर ठेवून त्यांचा गळा पाहत होतो. हात आता दोन्ही मांड्यांवर फडफडत होते, पाय पाटावर आपटत होता. तोंडातून लाळ आली, ती आईने एका हाताने काडी ओढत दुसऱ्या हाताच्या मनगटाने पुसली. उन्हं कौलांवर गेली. मधेच बाबा अडले. तोंड उघडं, श्वास कुठे दिसेना. सगळं अंगण थांबलं. थाळी तेवढी चालू. माझा अंगठा दाबत आला होता. दाबला तर ते वाचणार आणि कथा तिथेच संपणार. ते खरंच अडलेत की नुसता श्वास घेताहेत, हे मला कळत नव्हतं. पंचवीस वर्षांत खालून वर बघताना असं कधी वाटलं नव्हतं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मान ताठ होती.

मी अंगठा उचलला.

त्यांनी श्वास ओढला आणि पुढची ओळ सांगितली. झुंबरने झेलली.

दिवस डोंगराआड गेला तेव्हा भिकाबा कथेत शेवटच्या नदीपाशी आले होते. बाबांनी त्यांना नावाने हाक मारून पलीकडे उतरवलं, आणि थांबले. आईने काडीवरून बोटं काढली. थाळीचं घुमणं लगेच गेलं नाही. कुणी हललं नाही. अक्काबाईने राशीतले चार दाणे उचलून थाळीत टाकले.

बाबांचं सगळं अंग थरथरत होतं. घामाने सदरा चिकटला होता. मी रिमोट जवळ नेला, पण दाबला नाही. नेमाप्रमाणे आधी विचारलं.

"सगळी माणसं उतरली?"

"उतरली," बाबा म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "एकटा भिका वर गेला. दे आता लाईन."